सिंह घर शोधतोय

फ्लोरिडा म्हटलं की आपल्याला मायामी आठवतं, नाहीतर मिकी माऊस. मी गेलो फोर्ट लॉडरडेलला, एका माशाच्या सेंडऑफला! शाळेतला मित्र तिथे प्रोजेक्टवर होता. प्रोजेक्ट संपला, पुण्याचं तिकीट आलं, तीन आठवड्यांत फ्लॅट रिकामा करायचा. सोफा विकला गेला, गाडीला गिऱ्हाईक मिळालं. उरला हॉलमधला लायनफिश.

बॉस, दिसायला मात्र जबरी. वीतभराहून मोठा, विटकरी-पांढरे पट्टे, पिसांसारखे फुलवलेले पर. फ्लॅटचं भाडं आपणच भरतो अशा थाटात तरंगत होता. मी काचेजवळ गेलो तर तोही जवळ आला. मी खूश. ‘ओळख वगैरे काही नाही रे, त्याला वाटलं जेवण आलं,’ मित्र म्हणाला.

हे प्रकरण म्हणजे बाऊलमधला गोल्डफिश नव्हे. टँक १२० गॅलनचा, म्हणजे साधारण साडेचारशे लिटर खारं पाणी. ते पाणी घरीच मीठ कालवून करायचं, खारटपणा मोजायचा, घाण काढणारं मशीन चोवीस तास चालू. शिवाय साहेबांच्या तोंडात मावेल ते सगळं भक्ष्य. सोबतीला आणलेले दोन छोटे निळे मासे एका रात्रीत गायब! बाजारातले जिवंत गोल्डफिश रोज घातले तर याचीच तब्येत बिघडते, म्हणून काडीला लावलेली फ्रोझन कोळंबी खायची सवय लावली. त्यातच काही आठवडे गेले.

आणि विष. पाठीवर १३ काटे, पोटाखाली २, शेपटीच्या अलीकडे ३. एकूण १८, सगळे विषारी. वर्षभरापूर्वी काच पुसताना मित्राचं लक्ष फोनकडे गेलं आणि बोटात एक काटा घुसला. उपाय साधा आहे: सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून बसायचं आणि डॉक्टर गाठायचा. तासभर बादलीत हात घालून तो रडत होता, हे त्याने स्वतःच सांगितलं. तरीही मासा विकला नाही. प्रेम आंधळं असतं म्हणतात ते हेच असावं.

मी सहज म्हटलं, ‘मग सोडून दे ना समुद्रात. पंधरा मिनिटांवर तर आहे.’

तो काहीच बोलला नाही. किल्ली उचलली आणि मला डॅनिया बीचला घेऊन गेला.

विमानतळ अगदी खेटून, त्यामुळे डोक्यावरून सारखी विमानं. लांब लाकडी धक्का, गळ टाकून बसलेले आजोबा, आशाळभूत पेलिकन. एकदम शांत, निवांत जागा. पण १९८५ साली याच किनाऱ्यासमोर अटलांटिकमधला पहिला लायनफिश सापडला. हा मासा मूळचा आपल्या बाजूचा, हिंदी आणि प्रशांत महासागरातला. ऑनसाइट गेला आणि व्हिसाशिवाय सेटल झाला! १९९२च्या अँड्र्यू वादळात कुणाचा तरी टँक फुटला आणि मासे पळाले, अशी गोष्ट तिथे खूप वर्षं सांगत. पण तारखाच जुळत नाहीत. घरच्या टँकमध्ये मावेनासे झाले म्हणून लोकांनी हळूच समुद्रात सोडले, हीच शक्यता जास्त.

२००४ पर्यंत ते बहामात पोचले होते, पुढे कॅरिबियन आणि मेक्सिकोच्या आखातात. एक मादी वर्षाला वीस लाखांपर्यंत अंडी घालू शकते, आणि तिथल्या छोट्या माशांना हा शत्रू आहे हे कळतच नाही. बहामात केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला: लायनफिश सोडलेल्या खडकांवर छोट्या माशांची नवी भर पाच आठवड्यांत ७९ टक्क्यांनी घटली. आता फ्लोरिडात लायनफिश कितीही मारा, मर्यादा नाही. जिवंत बाहेरून आणायला २०१४ पासून बंदी. मित्राचा मासाही तिथल्याच पाण्यात पकडलेला, दुकानातून घेतलेला.

‘आता बोल, सोडू?’ त्याने विचारलं. मी पेलिकनकडे बघत राहिलो.

संध्याकाळी एका हॉटेलात मेनूवर लायनफिश फ्राय दिसला. काटे काढले की विष संपलं, मांस पांढरं आणि हलकं. आपला रवा लावून केला असता तर अजून बहार आली असती. मी दोन तुकडे हाणले. मित्राने मश्रूम पास्ता मागवला आणि माझ्या प्लेटकडे एकदाही पाहिलं नाही.

पुढचे दहा दिवस नुसते फोन. दुकानदार म्हणाला, एवढा मोठा नको. राज्याच्या वन्यजीव खात्याची एक योजना आहे, पाळलेला परदेशी प्राणी सांभाळता येत नसेल तर आणून द्या, दंड नाही. तो शेवटचा पर्याय ठेवला होता. शेवटी खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणाऱ्या एका रिटायर्ड आजोबांनी होकार दिला. झाकणाची बादली, बॅटरीचा एअर पंप आणि मांडीवर बादली धरून बसलेला मी. गाडी इतकी हळू की मागचे हॉर्न मारून दमले.

विमानतळावर मित्राच्या मोबाइलवर फोटो आला. नवा टँक, काडीला कोळंबी, आणि साहेब पाठ फिरवून कोपऱ्यात.

‘दोन दिवस रुसेल, मग खाईल,’ तो म्हणाला आणि बोर्डिंगच्या लाइनीत जाऊन उभा राहिला.