पुढची तारीख

महाविद्यालयाच्या दप्तरात येणाऱ्या परिपत्रकांना आणि परीक्षेच्या पत्रांना उत्तर देण्याचा शिरस्ता ठरलेला असतो. परंतु वर्षातून पाचसात वेळा एखादे पत्र असे येते की, ते आखीव कागदावर, निळ्या शाईत, कोणा सेवा सोसायटीच्या सचिवाने किंवा तरुण मंडळाच्या अध्यक्षाने स्वहस्ते लिहिलेले असते, आणि आपल्याकडील एखादे तज्ज्ञ प्राध्यापक आमच्या गावी व्याख्यानास पाठवावेत, एवढीच विनंती त्यात असते. नगर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी एकतीस वर्षे भूशास्त्र शिकवले. त्या काळात अशी पत्रे प्राचार्यांच्या मेजावरून माझ्याकडे येत राहिली, आणि आज मागे वळून पाहताना, वर्गात घेतलेल्या हजारो तासांपेक्षा या पत्रांनी मला जेथे जेथे नेले, तेथेच माझे अध्यापन खऱ्या अर्थाने घडले, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

विद्यापीठांनी या कामाला ‘बहिःशाल शिक्षण’ असे नाव दिले आहे. शाळेच्या भिंतीबाहेरचे, ते बहिःशाल. नाव अलीकडचे असले तरी कल्पना जुनी आहे. मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापक व विद्यार्थी यांनी १८४८ साली सभा स्थापन केली, तिच्या मराठी आणि गुजराती शाखांतून लोकांच्या भाषेत उपयुक्त ज्ञानाचे निबंध वाचले जाऊ लागले. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. या व्याख्यानमालांचे ऋण महाराष्ट्रावर मोठे आहे. पण मला स्वतःला या परंपरेतले जे उदाहरण सर्वांत अधिक शिकवून गेले, ते व्यासपीठावरचे नाही. गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेचे १९३० पासूनचे संचालक धनंजयराव गाडगीळ हे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या आणि प्रवरेकाठच्या शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे ते पद त्यांनी सांभाळले. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने सहकारावर एक विद्वत्तापूर्ण भाषण करून पुण्याची गाडी पकडली असती, तरी लोकांनी त्यांचा आदरच केला असता. पण ते परत परत गेले, आणि त्या परत जाण्यामुळेच त्यांचे शास्त्र तेथल्या मातीत उतरले.

हे मला उमगण्यास मात्र काही काळ जावा लागला. माझे पहिले ग्रामीण व्याख्यान १९८० च्या सुमारास, एका अवर्षणप्रवण गावी, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात झाले. विषय मीच सुचवला होता: दख्खनच्या पठाराची उत्पत्ती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडून तप्त शिलारस कसा बाहेर आला, एकावर एक थर कसे पसरत गेले, आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या काळ्या पाषाणाने कसा व्यापला आहे, आणि महाराष्ट्राच्या भूमीचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग त्यातच कसा मोडतो, हे सारे मी तासभर तळमळीने सांगितले. सत्तरएक माणसे शांतपणे बसून होती. प्रश्न कोणीही विचारला नाही. सचिवांनी आभार मानले, मला टॉवेल, टोपी आणि नारळ दिला, आणि मंडळी उठली. शेवटची एस. टी. तोवर निघून गेली होती, म्हणून सोसायटीच्या सभापतींच्या घरी माझा मुक्काम पडला. तो मुक्काम पडला नसता, तर मी समाधानाने घरी गेलो असतो, आणि पुढची तीस वर्षे तेच भाषण गावोगाव करीत राहिलो असतो.

सकाळी सभापती मला आपल्या मळ्यातील विहिरीवर घेऊन गेले. विहिरीचे काम चालू होते. आठ परस खोल जाऊनही पाणी पुरेसे लागले नव्हते. खोदकामावर एक वृद्ध वडार होते, आयुष्यभर त्यांनी विहिरीच खणल्या होत्या. ते मला काठावर उभे करून वरपासून खाली बोट फिरवीत एकेक थर सांगू लागले: दोन हात काळी माती, त्याखाली मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा, हाताने कोरता येईल असा मांजऱ्या, त्याच्याखाली विटेच्या रंगाचा, मनगटाएवढा जाड गेरूचा पट्टा, आणि त्याच्याखाली सलग काळा पाषाण. गेरूच्या वरच्या कडेने विहिरीच्या पश्चिम अंगाला ओल दिसत होती, तिच्यावर बारीक शेवाळ धरले होते, आणि एका ठिकाणाहून पाण्याची धार नव्हे, थेंबांची सर पाषाणावर उतरत होती. “गेरूच्या डोक्यावर पाणी थांबतं, सर,” ते म्हणाले. “त्याच्याखाली नुसता दगड. मालकांना म्हटलं, खाली जाऊ नका, आडवं जा.”

मी आदल्या रात्री जे तासभर सांगितले होते, ते सगळे त्या विहिरीच्या भिंतीवर उघडे पडलेले होते. एक शिलाप्रवाह थिजल्यावर त्याचा माथा कित्येक वर्षे ऊनपावसात झिजतो, त्याची तांबडी माती होते, आणि तिच्यावर पुढचा प्रवाह येऊन पसरतो. तो तांबडा पट्टा चिकणमातीसारखा असल्याने पाण्याला खाली जाऊ देत नाही, आणि म्हणून वरचे पाणी त्याच्या माथ्याने सरकत बाजूस निघते. मांजऱ्यातले पांढरे ठिपके म्हणजे शिलारसातील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर भरलेली खनिजे. हे मला पुस्तकांतून ठाऊक होते. त्या वृद्ध गृहस्थांना ते चाळीस वर्षांच्या पहारीने ठाऊक होते. आमच्या दोघांच्या ज्ञानात जे अंतर होते, ते इतकेच की, मला हा पट्टा शिवाराच्या दुसऱ्या टोकाला किती खोलीवर सापडेल याचा अंदाज बांधता येत होता, आणि तो बांधण्यासाठी लागणारी माहिती मात्र त्यांच्याजवळ होती. आम्ही त्या दिवशी शिवारातील अकरा विहिरी पाहिल्या. दुपारी बांधावर बसून मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर त्या अकरा विहिरींचा छेद काढला, तेव्हा आमच्याभोवती बारापंधरा शेतकरी जमले, आणि आदल्या रात्री न आलेले प्रश्न तेथे एकामागून एक येऊ लागले.

तेव्हापासून मी एक नियम केला, आणि निवृत्तीपर्यंत तो पाळला: व्याख्यानाच्या आदल्या दिवशी गावात जायचे, विहिरी पाहायच्या, आणि व्याख्यान त्या गावाच्या विहिरींतूनच उभे करायचे. बोलताना समोरच्या मेजावर दोन दगड ठेवायचे, एक त्या गावच्या पाषाणाचा आणि एक मांजऱ्याचा, आणि तांब्यातले पाणी दोहोंवर ओतून दाखवायचे. खडकाला भोके दिसली म्हणजे त्यात पाणी साठते, अशी समजूत सर्वत्र असते. परंतु ती भोके एकमेकांशी जोडलेली नसतील तर पाण्याला तेथे वाट नाही, पाणी राहते ते भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या भागात, ही गोष्ट दगड हातात देऊन फोडून दाखविल्यावाचून पटत नाही. ‘सच्छिद्रता’ आणि ‘पार्यता’ हे दोन शब्द मी वर्गात नित्य वापरीत असे. गावात त्यांच्या जागी मी ‘पाणी धरण्याची जागा’ आणि ‘पाण्याची वाट’ म्हणू लागलो, आणि पुढे वर्गातही तेच आधी सांगून मग संज्ञा देऊ लागलो. भाषा सोपी केल्याने शास्त्र हलके होते, असे मानणाऱ्यांशी माझे कधीच जमले नाही.

हिशेबाचे तसेच. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. हजार हेक्टरांच्या शिवारावर वर्षाकाठी ५०० मिलिमीटर पडला, तर ते ५०० कोटी लिटर होते. हा आकडा मी फळ्यावर लिहिला की सभेत क्षणभर स्तब्धता पसरे, कारण ज्या गावात मार्चपासून टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावावर आभाळातून इतके येते हे कोणी मोजलेले नसे. मग त्यातले वाफेने किती गेले, ओढ्याने किती गेले, उसाने किती घेतले आणि ज्वारीने किती घेतले असते, याचा जमाखर्च मांडणे गावकऱ्यांचे काम. ते मी त्यांच्याकडूनच करून घेत असे, कारण पिकाखालील क्षेत्र सातबाऱ्यावर काय आहे आणि प्रत्यक्षात काय आहे, हे त्यांनाच ठाऊक.

पहिल्या गावी मी पुढल्या वर्षी पुन्हा गेलो. छेदाचा मोठा नकाशा काढून नेला होता. या खेपेस सभामंडप भरला होता, आणि माझे बोलणे संपताच मागच्या खांबाशी बसलेले एक अल्पभूधारक शेतकरी उठून म्हणाले, “सर, पाणी कुठं हाये ते सांगितलं तुम्ही. पर कुणाचं हाये, ते नाही सांगितलं.” शेजारच्या बागायतदाराने नवी विंधनविहीर घेतल्यापासून त्यांची पाच परसांची विहीर माघ महिन्यातच आटू लागली होती. दोघांचे पाणी एकाच थरातून येत होते, हे माझ्याच नकाशावरून सगळ्यांना स्पष्ट दिसत होते. माझ्या शास्त्रात त्या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि मी तसे सभेत सांगितले. त्याचबरोबर उत्तर घेऊन येण्याची तारीखही तेथेच ठरवली.

त्या तारखेस माझ्याबरोबर विधी महाविद्यालयातील एक सहकारी आले. त्यांनी १८८२ सालच्या सुविधाधिकारांच्या कायद्यापासून आरंभ केला: जो जमिनीचा धनी, तोच तिच्याखाली झिरपणाऱ्या पाण्याचा उपसा करण्यास मुखत्यार, आणि त्यामुळे शेजाऱ्याची विहीर आटली तरी त्यास सामान्यतः दाद मिळणे कठीण. सभेत अस्वस्थता पसरली. ती पसरणे आवश्यक होते. पुढे पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचे विनियमन करणारा अधिनियम १९९३ साली महाराष्ट्रात झाला आणि पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीस त्याने मनाई केली, तेव्हा आम्ही दोघे पुन्हा गेलो, दोरी आणि खुंट्या घेऊन गावाच्या आडापासून ते अंतर सर्वांसमक्ष मोजले. माझा प्रांत भूशास्त्राचा, त्यांचा न्यायशास्त्राचा. आमची महाविद्यालये वेगळी, आणि वर्षानुवर्षे आमची ओळख नमस्कारापलीकडे गेली नव्हती. आम्हांस एकत्र आणले ते त्या खांबाशी बसलेल्या शेतकऱ्याच्या प्रश्नाने.

आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली, तिची रुखरुख अद्याप आहे. रात्री नऊच्या सभेस स्त्रिया नसत; असल्या तर देवळाच्या बाहेरच्या पायरीवर. पाणी भरणाऱ्या त्या, हापशावर रांग लावणाऱ्या त्या, आणि कोणत्या महिन्यात कोणत्या आडाचे पाणी मचूळ होते हे बिनचूक सांगू शकणाऱ्याही त्याच. पुढे एका महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दुपारी बोलावले, तेव्हा तासाभरात मला जी माहिती मिळाली, ती त्याच गावच्या तीन सभांत मिळाली नव्हती. त्या दुपारीच पाणीपातळीच्या नोंदवहीचे ठरले. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे, आणि तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजतात. त्याच चार महिन्यांत, दोरीला गाठी मारून, गावातील पाच विहिरी मोजायच्या आणि शाळेतल्या मुलींनी आकडे वहीत लिहायचे, अशी तजवीज त्या स्त्रियांनी केली.

महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालांत प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानांची संख्या छापलेली असते. बारा गावांत बारा व्याख्याने झाली तर ती बारा भरतात. एकाच गावी बारा वेळा गेलेल्या माणसाची नोंद करण्यास त्या तक्त्यात रकाना नाही. माझ्या मते हा रकाना आज सर्वांत अधिक आवश्यक आहे. गावाला, कामगार वस्तीला, शिक्षक संघाला किंवा महिला मंडळाला प्राध्यापकाकडून जे हवे असते, ते एका रात्रीत देता येण्याजोगे नसते, आणि प्राध्यापकाला त्यांच्याकडून जे शिकायचे असते, ते तर पहिल्या भेटीत त्याला दिसतसुद्धा नाही.

म्हणून ज्या तरुण अध्यापकांच्या मेजावर असे निळ्या शाईतले पत्र येईल, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. होकार कळविताना, एक दिवस आधी येतो, मुक्कामाची सोय करावी, असे त्यात अवश्य लिहावे. आणि आभारप्रदर्शन होऊन मंडळी उठण्यापूर्वी, टॉवेल आणि नारळ हातात असतानाच, सचिवांजवळ बसून पुढची तारीख त्यांच्या वहीत लिहून घ्यावी.