लेकीचा पांढरा पोशाख

आम्ही कारकून माणूस. कागद तयार असला म्हणजे निम्मे काम झाले, अशी आमची समजूत. थोरली लेक सातवीत गेली आणि "पप्पा, मला कराटे लावा की," म्हणाली, तेव्हा क्लासची चौकशी करण्याआधीच आम्ही पोशाखाच्या मागे लागलो. इचलकरंजीचे पांढरे सुती कापड आणले. सौ. घरी शिवणकाम करतात. बाह्या मनगटापर्यंत, विजार घोट्यापर्यंत, असा झकास पोशाख त्यांनी दोन रात्रींत शिवला आणि पौर्णिमेच्या वंदनेच्या कपड्यांशेजारी टांगला.

या घाईला कारण होते. सन १९९२ च्या सुमारास आम्हांला गावच्या तालमीत जायचे होते. आईने लाल लंगोट शिवून दिला होता. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या कोल्हापुरात खासबाग मैदान बांधले, तिथल्या कुठल्या पोराला मातीत उतरावेसे वाटणार नाही? पण आमच्या वस्तीतले पोर दारात दिसले की "जागा नाही, पुढच्या महिन्यात बघू," हे उत्तर ठरलेले. बाकीच्या पोरांना त्याच महिन्यात जागा होत होती. लंगोट ट्रंकेतच राहिला. लेकीच्या बाबतीत कुणाला कसली सबब ठेवायची नाही, एवढेच आमच्या डोक्यात होते.

रविवारी तिला घेऊन हिंडलो. पेठेत मर्दानी खेळ चालला होता. लाठी फिरवणाऱ्या पोरी पाहून आमचाच पाय निघेना, पण लेकीचे मन तिथे रमले नाही. कराटेच्या वर्गात रांगेने ठोसे आणि लाथा चालल्या होत्या. शेवटी ज्युदो पाहिला. तिथे नव्या मुलांना आधी पडायला शिकवीत होते. हनुवटी छातीशी घ्यायची, हात चटईवर सपकन आपटायचा, म्हणजे डोके वाचते.

"मला हेच पाहिजे," लेक म्हणाली. का, तर म्हणे, "कराटेत मारायचं आहे. पण पप्पा, कोण आधी ठोसा मारत नाही. हात धरतात."

आम्ही गप्प झालो. रात्री सौ.नी तिला जवळ घेऊन विचारले. बसमध्ये कुणीतरी धरला होता. आम्हांला दोन महिने पत्ता नव्हता.

पहिल्या दिवशी ती घरचा पोशाख घालून गेली आणि तासाभरात खांद्यावर फाडून आली. चूक शिलाईची नव्हती. ज्युदोत जोडीदाराची कॉलर आणि बाही धरूनच डाव टाकतात, म्हणून त्याचा अंगरखा जाड विणीचा आणि गळपट्टी भरीव असते. कराटेने पोशाखाची तऱ्हा ज्युदोकडूनच घेतली, पण त्यात धराधरी कमी, म्हणून कापड पातळ चालते. शिकवणारे सर म्हणाले, "घाई कशाला केली? पडण्याचा सराव टी-शर्टावरही होतो. महिनाभर पोर टिकते का बघायचं, मग घ्यायचा." हे कुणाला आधी विचारायचे आम्हांला सुचले नव्हते.

महिन्याने जाड पोशाख घेतला. सुती कापड आटते, म्हणून थोडा वाढता घेतला आणि आधी गार पाण्यात धुऊन मग बेतला. डावी बाजू उजवीवर येते. मुलींनी आत पांढरा गोल गळ्याचा टी-शर्ट घालायचा. कानातले काढायचे, नखे कापायची.

आमच्या आईला हे काही पसंत नव्हते. पोरीच्या जातीला पाडापाडी कशाला, म्हणायची. मग लेकीने तिला सांगितले की, जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत ज्युदोचा पहिला वर्ग काढला तो एका बुद्ध मंदिरात, बारा चटया अंथरून. आता संध्याकाळी आईच "गेलीस का नाही अजून?" म्हणून तिच्या मागे लागते.

फाटलेला पोशाख सौ.नी सांधून शेजारच्या पोराला दिला. तो कराटेला जातो. त्याला अगदी मापात बसला.