जीपची निगा

काही वस्तू आपण विकत घेतो आणि काही वस्तू आपल्याकडे सोपवल्या जातात. वाडी, विहीर, वाडवडिलांचे घर या गोष्टी दुसऱ्या प्रकारात मोडतात. कागदावर आपले नाव असते खरे. परंतु निगा थांबली की ती मालकी नावापुरतीच उरते. उपसा नसलेली विहीर गाळाने भरते, बंद घराला वाळवी लागते. आमच्या घरी या प्रकारातील आणखी एक वस्तू आहे. ती म्हणजे १९६८ सालची सीजे-३बी जीप.

वडिलांनी ती १९७४ साली एका रस्ते-ठेकेदाराकडून जुनी म्हणून घेतली. त्या काळी वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडीपासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना कुंपण असलेली मातीची वाट. पावसाळ्यात तिथे पाय घोट्यापर्यंत रुतत असे. केळीचे घड आणि भाजीच्या पाट्या पहाटेच्या गाडीला स्टेशनवर पोहोचवायच्या, तर बैलांचीही दमछाक व्हायची. त्या चिखलातून ही जीप सहज बाहेर पडे. आठवडाभर ती माल वाही, रविवारी आम्हां भावंडांना समुद्रावर नेई आणि डिसेंबरात साऱ्या आळीतल्या गोठ्यांसाठी पेंढा आणी. तिचे स्टिअरिंग डाव्या बाजूला आहे. मागच्या फळीवर तशी सूचना वडिलांनी स्वतः रंगवली होती. ती अक्षरे मी आजवर तीनदा गिरवली आहेत.

या वाहनाचा जन्म युद्धासाठी झाला. १९४१ पासून अमेरिकेतील टोलेडो शहरात विलीज-ओव्हरलँड कंपनीने लष्करासाठी जीप बांधण्यास आरंभ केला. त्याच आराखड्यावर फोर्ड कंपनीनेही गाड्या बांधल्या. युद्ध संपेपर्यंत दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बाहेर काढल्या. इकडे मुंबईत १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र हे बंधू व मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. सुट्या भागांच्या पेट्या बोटीने यायच्या आणि माझगावात त्यांतून जीप उभी राहायची. पुढे सुटे भागही हळूहळू येथेच घडू लागले.

आमच्या जीपचे बॉनेट इतर जीपपेक्षा उंच दिसते, त्याला कारण आहे. आधीच्या इंजिनात आत घेणारे आणि बाहेर सोडणारे असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असत. नव्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर आले. त्यामुळे साठ अश्वशक्तीचे इंजिन सत्तरीच्या पुढे गेले. पण त्याची उंचीही वाढली आणि ते झाकण्यासाठी बॉनेट उचलावे लागले. अमेरिकेत या नमुन्याचे उत्पादन १९६८ साली थांबले. आपल्याकडे मात्र तोच चेहरा पुढे कित्येक दशके रस्त्यावर येत राहिला.

तिच्या दीर्घायुष्याचे श्रेय लोक लोखंडाच्या जाडीला देतात. माझे मत थोडे निराळे आहे. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग माणसाच्या हाताला लागतो, हे खरे कारण. बॉनेटच्या दोन बाजूंच्या कड्या काढल्या की सारे इंजिन समोर. मडगार्ड सपाट, त्यावर पाने ठेवावीत आणि कामाला लागावे. रणांगणावर शिपायाला अंधारात दुरुस्ती करता यावी म्हणून केलेली ही मांडणी वाडीतल्या शेतकऱ्याच्याही उपयोगी पडली.

अर्थात, हाताला लागणाऱ्या गोष्टी हात मागतातही. चाकांच्या किंगपिनला, पाट्यांच्या शॅकलना आणि प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांना आम्ही महिन्यातून एकदा ग्रीस भरतो. जुने काळे ग्रीस कडेने बाहेर येऊ लागले की आत नवे पोहोचले असे समजावे. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची फट एका इंचाच्या पन्नासाव्या भागाएवढी ठेवावी लागते. ती वाढली-घटली की ठिणगीची वेळ चुकते आणि सकाळी गाडी रुसते. समुद्राची वाळू व खारा वारा हे तिचे मोठे शत्रू. किनाऱ्यावरून आल्यावर खालची बाजू गोड्या पाण्याने धुतल्यावाचून जेवायला बसायचे नाही, हा वडिलांचा दंडक आम्ही आजही पाळतो. मे महिन्याच्या अखेरीस चासीला जुने काळे ऑइल ब्रशने फासतो. दिसायला ते काम घाणेरडे. पण त्या एका दुपारीच्या श्रमाने पत्रा सारा पावसाळा तग धरतो.

चालवण्याचीही शिस्त आहे. गिअर तीन, त्यांतील पहिला गाडी पूर्ण थांबल्याशिवाय बिनतक्रार पडत नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच करावा लागतो : क्लच दाबून गिअर मोकळा करायचा, क्लच सोडून हलकेच वेग द्यायचा आणि पुन्हा क्लच दाबून पहिल्यात जायचे. याशिवाय आणखी दोन दांडे आहेत. एकाने पुढच्या चाकांना शक्ती मिळते, दुसऱ्याने चाल मंद आणि जोरकस होते. चारही चाकांची शक्ती चिखलात, वाळूत वापरावी. कोरड्या डांबरावर कधीही नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. मऊ जमिनीत चाके थोडी घसरून तो फरक भरून काढतात. डांबरावर घसरायला वाव नसतो. सारा ताण दातेऱ्यांवर येतो. अधिक शक्ती हाताशी आहे म्हणून ती सदैव वापरायची नसते, एवढे शहाणपण मला या दांड्याने शिकवले.

या सर्व विद्येत आमचे गुरू म्हणजे मिस्त्रीकाका. वय आता ऐंशीच्या घरात. डोळ्यांना कमी दिसते, पण कान शाबूत आहेत. लाकडी मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरायची आणि कोणत्या व्हॉल्व्हची फट वाढली हे सांगायचे, ही त्यांची परीक्षा. कुर्ल्याच्या बाजारात कोणत्या गाळ्यात जुन्या जीपचा माल मिळतो, हरयाणातल्या मंडी डबवालीहून आलेला नवा पत्रा चांगला की आपलाच जुना ठोकून घेणे बरे, हे त्यांना विचारावे. त्यांच्या गॅरेजात पूर्वी चार पोरे शिकत. एक आखातात गेला, दोघे रिक्षा चालवतात, चौथ्याने मोबाइलचे दुकान टाकले. काका कुणालाही दोष देत नाहीत. "सुटा भाग आज ना उद्या मिळंल, भाऊ," ते म्हणतात, "पन लावनारा हात कुठून आननार?"

या जीपचे मोल मला पुरते कळले ते १० जुलै २०१८ रोजी. आदल्या काही दिवसांच्या पावसाने वसई-विरार पाण्याखाली गेले होते. आगगाड्या बंद, वीज गेलेली. शेजारच्या आजींचा डायलिसिसचा दिवस आणि त्यांच्या मुलाची नवी मोटार अंगणात बंद पडलेली. मिस्त्रीकाकांनी पूर्वीच शिकवून ठेवले होते : पाण्यात शिरण्याआधी पंख्याचा पट्टा काढावा, म्हणजे पंखा पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर भिजवत नाही, पहिला गिअर, मंद दांडा, आणि मध्ये थांबायचे नाही. गुडघ्याइतक्या पाण्यातून आम्ही चालण्याच्या वेगाने गेलो. कोरडा रस्ता लागताच पट्टा पुन्हा चढवला आणि पायाने ब्रेक हलके दाबत ते वाळवले. आजी इस्पितळात वेळेवर पोहोचल्या. पाणी ओसरल्यावर मी दोन्ही डिफरन्शियलचे ऑइल काढून पाहिले. मागचे दुधाळ झाले होते, म्हणजे आत पाणी शिरले होते. त्याच दिवशी ते बदलले. ते तसेच राहिले असते, तर त्या एका उपकाराची किंमत बेअरिंगांनी चुकवली असती.

आता खऱ्या प्रश्नाकडे येतो. २०२५च्या अखेरीस जीपच्या नोंदणीची मुदत संपत होती. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते. त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून ती नव्याने करून घ्यावी लागते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपयांवर गेले. दुसरा मार्गही खुला होता. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनाला २०,००० रुपये भरून १० वर्षांची स्वतंत्र नोंदणी मिळते आणि क्रमांकात 'व्हीए' ही मानाची अक्षरे येतात. मात्र अशी गाडी रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज गाड्यांची फेरी, इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते.

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तिने पन्नास वर्षे राबून काढली. आता तिला मानाने बसू दे." त्याच सुमारास एक हॉटेलमालक येऊन गेले. त्यांना जीप बागेत उभी करायची होती, फुलांच्या कुंड्यांनी वेढून, पाहुण्यांच्या छायाचित्रांसाठी. त्यांनी सांगितलेली रक्कम ऐकून घरात काही क्षण कोणीच बोलले नाही. घराचे छप्पर त्या पैशात नवे झाले असते.

भावाचे बाकीचे मुद्देही खोटे नव्हते. या गाडीत एअरबॅग नाही, कोसळत्या रस्त्यावर अंगाला आधार नाही. आम्ही कमरेचे पट्टे बसवले आहेत. तरी महामार्गावर मी ती नेत नाही आणि लहान मुलांना तिच्यात दूर नेत नाही. कार्बोरेटरचे इंजिन नव्या गाड्यांइतके स्वच्छ जळत नाही, हेही खरे. ते नीट जुळवून धूर प्रमाणात ठेवणे आणि फेऱ्या कमी करणे एवढेच हाती आहे. त्यात २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा आम्हांला बदलून घ्यावा लागला. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते. गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकीत पाणी साचून गंज धरतो.

याच ठिकाणी माझा विचार पक्का झाला. उभ्या गाडीचे काय होते हे मी इतरत्र पाहिले आहे. ब्रेकचे सिलिंडर धरतात, बॅटरी बसते, ऑइलसील सुकून गळू लागतात, टायर एका अंगाला चपटे होतात, उंदीर वायरी कुरतडतात. बाहेरून रंग चकाकत असतो आणि आतून यंत्र संपत जाते. मान मिळालेल्या गाड्यांची निगा उत्तम राखणारे हौशी लोक आहेत, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण आमच्या घरची रीत वेगळी. तिला काम नसेल, तर महिन्याचे ग्रीस भरायला कोणाचा हात उठणार? आज ती आठवड्यातून दोनदा वाडीवर जाते, खत आणते, केळी आणते. त्या दोन फेऱ्यांमुळेच तिचे दुखणे वेळीच कळते.

भावाला हे सारे सांगितले. त्याने एकच विचारले, "आणि तुझ्यानंतर?"

या प्रश्नाचे उत्तर मी द्यायचे नव्हते. माझी मुलगी महाविद्यालयात शिकते. गेल्या दोन उन्हाळ्यांपासून ती मिस्त्रीकाकांकडे जाऊन बसते. त्यांना दिसत नाही म्हणून पॉइंटच्या फटीत गेज ती घालते आणि ते शेजारी बसून सांगतात, "बाय, जोर नको करू. पट्टी अडकत सरकली पायजे." डबल क्लच तिला माझ्यापेक्षा लवकर जमला. भावाने विचारले तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "काका, गाडी विकलीत तर मी शिकलेलं कुठे वापरू?" भाऊ हसला. नोंदणीचे अर्धे पैसे त्यानेच दिले.

छप्पर अजून जुनेच आहे. पावसाळ्याआधी त्याची कौले चाळून घेतली. जीपची नोंदणी मात्र पाच वर्षांसाठी झाली. वडिलांनी १९७४ पासून ठेवलेल्या वहीत ऑइल, ग्रीस, प्लग, टायर यांच्या तारखा आहेत. प्रथम त्यांचे अक्षर, मग माझे, आणि गेल्या काही पानांवर मुलीचे. पाच वर्षे हा काही मोठा काळ नव्हे. परंतु शिकणाऱ्याला तो पुरेसा असतो, आणि शिकवणाऱ्याने तेवढा टिकावा अशी आमची इच्छा आहे.