पूल ओलांडून

दौंडहून शिरूरला जायला चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरा असा रस्ता आहे. दोन्ही अंगांना ऊस, मधूनच गुऱ्हाळांचा धूर आणि वाटेत भीमेवरचा पूल. लढाई आठवावी असं या वाटेवर काहीच नाही. आम्ही मात्र शनिवार-रविवार काढून निघालो होतो ते कोरेगावच्या लढाईचाच मुलूख बघायला.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इंग्रजांची छावणी इथंच होती. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन इथूनच निघाला. बरोबर मुंबईच्या देशी पायदळाची एक पलटण, थोडं घोडदळ आणि मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा. सगळी मिळून आठशेच्या वर माणसं. रात्रभर चालून सकाळी ती कोरेगावला पोचली, तेव्हा भीमेपलीकडं पेशव्यांची फौज उभी होती.

पण शिरूरमध्ये मी अडकलो तो कर्नल वॉलेसपाशी. 1803 च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धात वेलस्लीच्या हाताखाली लढलेला हा गोरा अधिकारी 1809 मध्ये इथंच वारला आणि गावानं त्याचा चक्क ‘सत्पुरुष’ करून टाकला. सुगीचं पहिलं धान्य त्याच्या थडग्यापुढं नैवेद्य म्हणून ठेवत, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. ब्राह्मण, प्रभू आणि मारवाडी तेवढे पूजेला जात नसत, हेही लिहायला गॅझेटियरवाला साहेब विसरलेला नाही! आपल्याच मुलखावर चालून आलेल्याला नैवेद्य? कुणी याला लाचारी म्हणेल. मला तसं वाटत नाही. गावाला नांदायचं असतं, आणि मेलेल्या माणसाशी वैर धरून पेरणी होत नाही.

रविवारी नगर रस्त्यानं कोरेगाव भीमाला आलो. कारखान्यांच्या बसगाड्या, टेम्पो आणि नेहमीची कोंडी. त्या लढाईचा जयस्तंभ नदीच्या पुण्याकडच्या अंगाला, पेरणे गावाच्या हद्दीत आहे. गाव पुलाच्या अलीकडं, शिरूर तालुक्यात. स्तंभावर ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या मेलेल्यांची 49 नावं आहेत. त्यांतली 22 ‘नाक’नं संपतात, म्हणजे महार शिपायांची. 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब आंबेडकर इथं आले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला, त्यांचं शौर्य सरकारनं दगडात कोरून ठेवलेलं. दरवर्षी एक तारखेला मानवंदना द्यायला लाखो लोक का येतात, हे आणखी वेगळं सांगायला नको.

लढाईला 200 वर्षं पुरी झाली त्या दिवशी, 1 जानेवारी 2018 ला, इथं दगडफेक आणि जाळपोळ झाली. गाड्या जळाल्या, दुकानं जळाली, एका तरुणाचा जीव गेला. चौकशीसाठी न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग बसला. दोष कुणाचा, याचा निवाडा चहाच्या टपरीवर बसून करण्याची मला हौस नाही. टपरीवाल्या मामांना सहज विचारलं, “शेजारची इमारत नवी दिसते?” ते म्हणाले, “नाही हो, दंगलीच्या आदल्या वर्षीची.” मग चहा गाळता गाळता म्हणाले, “पुण्याची माणसं येतात, स्तंभ बघतात अन् तिकडूनच माघारी जातात. गावात येतंय कोण?”

जळालेली दुकानं आणि मामांचं बोलणं, यांवरून मला जाफना आठवलं. श्रीलंकेतल्या त्या तमिळ शहराचं ग्रंथालय 1981 मध्ये जाळलं गेलं. सुमारे 97 हजार पुस्तकं गेली. पुढं सव्वीस वर्षं युद्ध चाललं. 1990 मध्ये बंद पडलेली कोलंबोची रेल्वे 2014 मध्ये पुन्हा तिथं पोचली. ग्रंथालयही पुन्हा उभं राहिलं. त्या दुःखापुढं कोरेगावचं दुःख लहान आहे, मान्य. पण इमारत बांधता येते, रूळही टाकता येतात. बाहेरच्यांचं साधं येणं-जाणं मात्र ठेकेदाराला देता येत नाही. एक जानेवारीला कोरेगावात पोलीस बंदोबस्त असतो, कॅमेरे असतात. बंदोबस्तात शांतता राहते, ओळख होत नाही.

तेव्हा एक जानेवारीला जायचं असेल तर जरूर जा. पण एखाद्या साध्या रविवारीही जा. स्तंभापुढं हात जोडा, नावं वाचा आणि मग पूल ओलांडून गावात चहाला थांबा.