काळा बर्फ, पांढरा बर्फ

परवा आईला व्हिडिओ कॉलवर तळं दाखवलं. मधोमध एक पिकअप उभी, शेजारी स्टुलावर एक म्हातारा बर्फाच्या भोकात गळ सोडून बसलेला. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आन् पाणी कुठंय?"

"त्याच्या खालीच."

"तू नको जाऊ तिकडं."

मी जातो, हे तिला सांगितलं नाही.

मिनेसोटातल्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरच दहा हजार तळ्यांची मिरवणूक असते. मिनियापोलिसमध्ये माझ्या घराजवळचं नोकोमिस. पाणी 4 अंश सेल्सिअसला सगळ्यात जड होऊन खाली बसतं, त्याहून गार पाणी वर राहतं आणि तेच आधी गोठतं. म्हणून खाली मासे जिवंत आणि वर माणसांची जत्रा.

पहिल्या हिवाळ्यात मी समजत होतो, पांढराशुभ्र तो पक्का आणि काळपट तो कच्चा. शेजारच्या आजोबांनी गिरमिटानं भोक पाडून माझं अज्ञान उघडं केलं. नितळ, काळसर बर्फ 4 इंच भरला तर पायी जावं. पांढरट, बुडबुडे अडकलेला असेल तर दुप्पट हवा. राज्याचं निसर्गसंपदा खातंही हेच सांगतं. पण एकदा मोजून भागत नाही. पुलाखाली, ओढा येऊन मिळतो तिथं, पाणी हलतं तिथं तोच बर्फ पापडासारखा निघतो. शिवाय वर भुसभुशीत हिम साचलं की ते गोधडी होतं आणि खालचा बर्फ जाड होऊच देत नाही.

2022 च्या नाताळात, 26 डिसेंबरला, ॲरिझोनातल्या वूड्स कॅनियन तळ्यावर चालताना बर्फ फुटला आणि तिघे भारतीय गेले. बातमी वाचली तेव्हा मी कितीतरी वेळ पहिल्या हिवाळ्यातल्या माझ्याच पावलांचा विचार करत होतो.

पडलंच तर? मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेक्ट स्वतः गोठत्या पाण्यात उतरून शिकलेत. त्यांचा हिशेब असा: 1 मिनिट धाप आवरायला, 10 मिनिटं हातपाय चालतात तोवरची, आणि थंडीनं शुद्ध हरपायला साधारण 1 तास. आलो त्याच बाजूला तोंड करायचं, कारण तिथल्या बर्फानं आपल्याला पेललेलं असतं. हात पसरून पाय मारत वर सरकायचं. आणि वर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं.

हे ऐकून मला आहुप्याचा कडा आठवला. खाली कोकण, समोर गोरखगड, मच्छिंद्रगड. पावसाळ्यात कातळावर शेवाळ, वाऱ्याला माणूस उचलायची ताकद, आणि धुकं काठाला असं टेकतं की जमीन पुढंही आहे असंच वाटतं. दरी बघायचीच तर बाप आम्हाला पालथं पाडायचा. पोटावर सरपटत काठापर्यंत, तसंच मागं. उभ्यानं गेलास तर पाठीत धपाटा. तिथं वाऱ्यापायी, इथं वजन पसरावं म्हणून, पण निजायचं दोन्हीकडं पोटावरच.

आता तळ्यावर जाताना गळ्यात दोरी असते, तिच्या दोन टोकांना खिळे बसवलेल्या मुठी. बर्फात रुतवून वर यायला. मागच्या रविवारी ती कॅमेऱ्यात आली.

"माळ घातलीस व्हय रं?" आईनं विचारलं.

हो म्हटलं.