खोट्या भीतीची किंमत

दरवर्षी 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात. मुलांच्या हातातल्या फलकांवर कवटी, सुई आणि पांढरी पूड हमखास असते. या फेऱ्यांमागची कळकळ खरी आहे. पण या चित्रांशेजारी 2019 साली प्रसिद्ध झालेला ‘एम्स’चा देशव्यापी सर्वेक्षण अहवाल ठेवून पाहावा. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यासाठी केलेल्या या पाहणीत दारू, गांजा, अफूजन्य पदार्थ यांचं सेवन अपेक्षेप्रमाणे मोठ्यांत जास्त आढळलं. फक्त हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण मुलांत मोठ्यांच्या दुप्पट निघालं. हे पदार्थ म्हणजे पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन, व्हाइटनर, रंगात घालायचं थिनर. फडक्याच्या बोळ्यावर चार थेंब ओतायचे आणि मूठ नाकाशी धरायची. पूड नाही, सुई नाही, आणि वस्तू दुकानात उघड मिळणारी. त्यामुळे हुंगणाऱ्या मुलाला ती फेरी आपल्यासाठी आहे असं वाटायला कारणच उरत नाही.

या वाफा शरीरात असताना हृदय ॲड्रेनलिनला कमालीचं हळवं झालेलं असतं. अशा वेळी मुलगा एकदम दचकला किंवा जीव घेऊन पळाला, तर ठोक्यांची लय बिघडून तो जागच्या जागी कोसळू शकतो. पहिल्यांदाच हुंगणाराही याला अपवाद नाही. म्हणून हुंगताना सापडलेल्या मुलावर ओरडू नये, त्याच्यामागे धावू नये. त्याला शांतपणे मोकळ्या हवेत आणून बसवावं. हे प्रत्येक शिक्षकाला, रेल्वे पोलिसाला आणि त्या मुलाच्या मित्रांनाही ठाऊक असायला हवं. पण ते सांगायचं तर मुलं हुंगतात हे आधी मान्य करावं लागतं, आणि नुसत्या धाकावर चालणारा प्रचार नेमका तिथेच अडतो. इथे तर धाकच जिवावर बेतू शकतो.

धाकाचा सर्वात मोठा प्रयोग अमेरिकेने करून पाहिला आहे. 1983 साली लॉस एंजलिसच्या पोलिसांनी आणि तिथल्या शाळा-व्यवस्थेने ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस पाचवी-सहावीच्या वर्गात यायचा, आठवड्यामागून आठवडे नशेचे धोके सांगायचा आणि ‘नाही म्हणा’ हे घोटवून घ्यायचा. काही वर्षांत हा कार्यक्रम देशभर पसरला. पालकांना तो आवडायचा, शिक्षकांना आवडायचा. मग संशोधकांनी तो घेतलेली आणि न घेतलेली मुलं शेजारी ठेवून पाहिली. 1994 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, त्यात नशेच्या वापरावरचा परिणाम नगण्य निघाला. 1999 मध्ये दहा वर्षांनंतरचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, त्यातही फरक दिसला नाही. 2001 साली तिथल्या सर्जन जनरलच्या अहवालाने हा कार्यक्रम निष्फळ ठरलेल्यांच्या यादीत घातला. पुढे 2009 पासून संस्थेला आपला अभ्यासक्रमच बदलावा लागला.

जाहिरातींची कथा याहून चिंताजनक आहे. 1987 साली तापलेल्या तव्यावर अंडं फोडून ‘नशेत तुमच्या मेंदूचं असं होतं’ म्हणणारी जाहिरात अमेरिकेत घराघरांत पोचली. 1998 साली सरकारने युवकांसाठी मोठी माध्यम मोहीम काढली आणि 2004 पर्यंत तिच्यावर अब्जाहून अधिक डॉलर खर्ची पडले. सरकारनेच नेमलेल्या मूल्यमापनात या मोहिमेमुळे मुलांचा गांजा कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. उलट काही गटांत जाहिराती जास्त पाहणाऱ्या मुलांचा कल गांजाकडे झुकलेला दिसला. अभ्यासकांनी सुचवलेलं एक कारण असं, की इतक्या जाहिराती पाहून ‘म्हणजे सगळेच ओढतात’ असा अर्थ मुलांनी काढला.

मला यापलीकडेही एक कारण दिसतं. मुलाला सांगितलं जातं की गांजाने मेंदू जळतो. मग तो शेजारचा दादा गांजा ओढताना बघतो. दादा परीक्षाही देतो, क्रिकेटही खेळतो. मुलगा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो, आणि त्याच दिवशी ब्राऊन शुगरबद्दलचा आपला इशाराही निकालात निघतो, कारण तोही त्याच तोंडून आलेला असतो. सरकारच्या शब्दाची पत एकच असते. ती गांजावर उधळली की हेरॉईनच्या वेळी पदरात काही उरत नाही. आज अमेरिकेत बनावट गोळ्यांतून फेन्टानिल विकलं जातं. दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे मोजके कण, जीव घेऊ शकतात. हा इशारा अक्षरशः खरा आहे, आणि तो ऐकणाऱ्या पिढीच्या आईबापांनी तव्यावरचं अंडं पाहिलेलं आहे.

यावर कोणी म्हणेल, भीती उपयोगी पडतेच की. तंबाखूच्या पुडीवरची कर्करोगाची चित्रं पाहून माणसं थबकतात. मान्य. पण ती चित्रं खरी आहेत, तोंडाचा कर्करोग असाच दिसतो. माझा आक्षेप भीतीला नाही, खोटेपणाला आहे. खरं सांगितलं तर ते निमंत्रण ठरेल, हा दुसरा आक्षेप मला अधिक प्रामाणिक वाटतो. पण खरं काय आहे ते पाहा: कोवळ्या वयात तेज गांजा रोज ओढणाऱ्यांत गंभीर मनोविकाराचा धोका वाढतो; ब्राऊन शुगर तुटली की शरीर कित्येक दिवस पिळवटून निघतं. यात निमंत्रण कुठे आहे? अनिल अवचटांनी गर्दुल्ल्यांवर लिहिलं तेव्हा कवट्या काढल्या नाहीत. माणसं कशी अडकतात, घर कसं धुऊन निघतं, टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचे हाल, काय असते, हे जवळून दाखवलं. त्या लेखनाने पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हलले, आणि त्यांच्या मदतीने 1986 मध्ये डॉ. अनिता अवचटांच्या हातून पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. मराठीत प्रामाणिक नशाशिक्षणाचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

अर्धवट सत्यही मात्र पुरत नाही. 1995 मध्ये इंग्लंडमध्ये एक्स्टसीची गोळी घेतलेली अठरा वर्षांची मुलगी दगावली. एका गोळीने जीव गेला, अशी पोस्टर्स देशभर लागली. तपासात निघालं की तिने थोड्या वेळात अनेक लिटर पाणी प्यायलं होतं, आणि रक्तातला क्षार पातळ होऊन मेंदूला सूज आली होती. गोळी निर्दोष नव्हती. ती लघवी रोखून धरते, म्हणून ते पाणी बाहेर पडू शकलं नाही. ‘पाणी पीत राहा’ हा सल्ला तेव्हा नाचणाऱ्या पोरांत सर्रास फिरत होता. किती प्यायचं, हे त्यासोबत सांगितलं जायला हवं होतं. पोस्टरने तेही सांगितलं नाही.

आपल्याकडच्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात 64-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला त्या खटल्यापासून संरक्षण मिळतं; उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. शाळेत मुलांना तुरुंगाची वर्षं सांगितली जातात, हे कलम सांगितलं जात नाही. मित्र बेशुद्ध पडला तर त्याला कुशीवर वळवावं, 108 ला फोन करावा आणि त्याने काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगावं, हेही नाही. पोलिसांच्या धास्तीने मित्राला तसाच टाकून पळणाऱ्या पोराला या घडीला दुसरं काही शिकवलेलंच नसतं.