पाच मंद दिवे आणि एक पाखरू

जास्वंदीभोवती भिरभिरणारा जांभळा शिंजीर दाखवून "फादर, तो पाहा हमिंगबर्ड" असे सांगणारी मंडळी आम्हांला वारंवार भेटतात. त्यांच्या उत्साहावर पाणी ओतणे आमच्या जिवावर येते. तथापि वस्तुस्थिती अशी की, हमिंगबर्ड आज रानावनात आढळतो तो केवळ अमेरिका खंडांत. त्याच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत विखुरलेल्या आहेत. आपला शिंजीर बहुधा देठावर किंवा फांदीवर बसून मध पितो. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत पितो आणि पिऊन झाल्यावर चक्क मागे उडतो. ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषिक त्याला 'बेझा-फ्लोर', म्हणजे फुलाचे चुंबन घेणारा, असे म्हणतात. इंग्रजी नाव मात्र त्याच्या पंखांच्या गुणगुणीवरून पडले. काव्य पहिल्या नावात अधिक आहे यात शंका नाही. पण छायाचित्रकाराची सारी अडचण दुसऱ्या नावात साठवलेली आहे. पंख ऐकू येतात, दिसत मात्र नाहीत.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आमचे सेमिनरीतील एक सहाध्यायी, जे अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या आग्नेय भागात सेवा करतात, त्यांच्याकडे काही दिवस राहण्याचा योग आला. वाळवंटी मुलुख म्हणून आम्ही धास्तावलो होतो. प्रत्यक्षात तेथेही त्या दिवसांत दुपारनंतर ढग दाटून येत, वीज कडाडे आणि लोक सहजपणे 'मान्सून' हा शब्द उच्चारीत! डोंगरउतारावर घायपातीचे उंच तुरे उभे होते. आपल्याकडे शेताच्या बांधावर काट्यांची राखण करणारी ही वनस्पती मूळची त्याच बाजूची. तिचे माहेर पाहून आम्हांला गंमत वाटली. त्या पावसाळी दिवसांत तेथे हमिंगबर्डांची झुंबड उडते. अलास्काच्या दक्षिण भागापर्यंत जाऊन घरटी करणारी तांबूस रंगाची 'रूफस' जात याच सुमारास मेक्सिकोकडे परतत असते. वजन जेमतेम साडेतीन ग्रॅम आणि प्रवास हजारो किलोमीटरांचा.

सहाध्यायांच्या धर्मग्रामातील एक निवृत्त विज्ञान शिक्षिका या पक्ष्यांची छायाचित्रे घेतात. त्यांच्या घराच्या पडवीत आम्ही चार सकाळी बसून काढल्या. तेथील मांडामांड पाहून प्रथम एखाद्या शस्त्रक्रियागृहाची आठवण झाली. मध्यभागी चिमट्यात धरलेली फुलांची एक डहाळी. तिच्याभोवती लहान तिपायांवर पाच फ्लॅश: दोन समोरून डावी-उजवीकडे, एक खालून, एक मागून वरच्या अंगाला आणि पाचवा पाठीमागच्या पडद्याकडे तोंड केलेला. पडदा म्हणजे हिरव्या-पिवळ्या रंगांत धूसर रंगवलेला एक फलक, डहाळीपासून हातभर मागे.

आमची समजूत अशी की, वेगवान वस्तू टिपायची तर कॅमेऱ्याचे शटर वेगवान हवे. बाईंनी ती समजूत हसत दूर केली. लहान हमिंगबर्डाचे पंख सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा फडफडतात. म्हणजे वरून खाली येण्यास पंखाला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो आणि तेवढ्यात त्याचे टोक सुमारे दहा सेंटिमीटर कापून जाते. आता हिशेब करा. सेकंदाच्या हजाराव्या भागातही ते टोक सेंटिमीटरभर सरकणार. चित्रात पंखाऐवजी धुके उमटणार. फ्लॅशसोबत चालणारे नेहमीचे शटर तर सेकंदाचा दोनशेवा किंवा अडीचशेवा भाग उघडे असते. तेव्हा पंख थांबवायचा तो शटरने नव्हे, प्रकाशाने. आणि येथे एक विलक्षण गोष्ट आहे. अशा फ्लॅशची शक्ती जितकी कमी करावी, तितकी त्याची चमक अल्पजीवी होते. पूर्ण शक्तीचा झोत रेंगाळतो आणि पंख पुसून टाकतो. सोळाव्या किंवा बत्तिसाव्या हिश्श्यावर आणलेला फ्लॅश सेकंदाच्या पंधरा-वीस हजाराव्या भागात लखलखून विझतो. तेवढ्या अवधीत पंखाचे टोक अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकते. परंतु असा मंद दिवा एकटा पुरत नाही, म्हणून ते चार-पाच लागतात, फुलाच्या अगदी जवळ लागतात आणि सर्वांनी एकाच क्षणी उजळावे लागते.

दिवसाचा उजेडही आत शिरता कामा नये. त्यासाठी पडवीची सावली, भिंगाचे छिद्र अगदी बारीक. प्रारंभी बाई सारे फ्लॅश बंद ठेवून एक छायाचित्र घेत. ते काळेकुट्ट आले की समाधानाने मान डोलवीत.

या विद्येचा पाया घातला तो मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यापीठातील हॅरॉल्ड एजर्टन यांनी. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी विजेच्या क्षणिक चमकेने वेग गोठवण्याचे तंत्र सिद्ध केले आणि पुढे १९४७ मध्ये त्यांची हमिंगबर्डांची चित्रे 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकात आली. ड्यूपॉन्ट या प्रचंड रसायन कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनाही याच पाखरांनी वेड लावले. त्यांचा 'हमिंगबर्ड्स' हा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. कारखानदाराने सुटीत असा उद्योग करावा, हे आम्हांला फार भले वाटते.

ग्रीनवॉल्ट यांनी ज्याचा सखोल अभ्यास केला, तो रंगाचा चमत्कार आम्ही पडवीत पाहिला. रूफस नराचा गळा निखाऱ्यासारखा लालकेशरी दिसतो. पण ही झळाळी कोणा रंगद्रव्याची नव्हे. पिसाच्या सूक्ष्म तंतूंत अतिशय पातळ चकत्यांचे थर असतात. त्यांवरून परतणाऱ्या किरणांच्या मिलाफातून तो निखारा पेटतो. पाहणाऱ्याच्या बाजूने प्रकाश पडला नाही, तर तोच गळा कोळशासारखा काळा. बाईंनी समोरचा एक फ्लॅश केवळ वीतभर सरकवला आणि काळा गळा पेटून उठला.

पाखरू साधारण पाव तासाने येई. शेजारच्या साखरपाण्याच्या बाटल्या बाई थोड्या वेळापुरत्या उतरवीत आणि एक भाग साखर, चार भाग पाणी असे द्रावण पिचकारीने फुलात सोडीत. मध किंवा तांबडा रंग कधीही नाही; मध लवकर आंबतो आणि पाखरांना बाधतो. घरट्याजवळ कॅमेरा न्यायचा नाही, हा त्यांचा दुसरा निर्बंध. चमकेने पाखरू बिचकल्याचे आम्हांला तरी दिसले नाही. शटरच्या आवाजाने मात्र ते दोनदा दचकले.

इतके पाहिल्यावर आमच्या मनात जे खुपत होते, ते आम्ही बोलून टाकले. फुलात साखर, मागे रंगवलेला पडदा, पाच कृत्रिम सूर्य. मग यात खरे ते काय? बाई रागावल्या नाहीत. त्या उठल्या, पडदा काढून भिंतीला टेकवला आणि पुढचे छायाचित्र तसेच घेतले. पाखरामागे मिट्ट काळोख होता. "आता झाली मध्यरात्र," त्या म्हणाल्या, "आणि हे पाखरू तर दिवसा उडते. फादर, यातले कमी खोटे कोणते?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. नंतर विचार करता वाटले की, पडद्याचा प्रश्न किरकोळ आहे. नाटकाचा पडदा पाहून कोणी डोंगर चढू लागत नाही. खरी जोखीम आहे ती फुलात. या पाखरांच्या चोची आणि काही फुले युगानुयुगे एकमेकांसाठी घडत आली आहेत. अँडीज पर्वतातील 'तलवारचोच्या' हमिंगबर्डाची चोच शेपटी वगळता उरलेल्या शरीराहून लांब असते आणि कृष्णकमळाच्या कुळातील लांब नळीची फुले तिच्याच जोडीची. अशा वेळी साखरेच्या आमिषाने पाखराला भलत्याच देखण्या फुलाशी आणून टिपले, तर ती निसर्गाविषयी दिलेली खोटी साक्ष ठरते. आणि सुंदर असल्यामुळे ती अधिक लोक खरी मानतात. असली कितीतरी चित्रे दिनदर्शिकांवर झळकत असतात. बाईंची रीत वेगळी. त्याच उतारावरचे आणि ज्यातून त्या जातीला पिताना स्वतः पाहिले आहे तेच फूल त्या चिमट्यात लावतात. घायपातीचा तुरा पडवीत मावत नाही, याची त्यांना खंत आहे.

निरोप घेताना त्यांनी एक छायाचित्र आमच्या हाती ठेवले. त्यात पंख दोन्ही बाजूंना ताठ पसरलेले आहेत, एकेक पीस मोजता येते. मागे पेन्सिलीने चार ओळी आहेत: फूल येथलेच. आत साखरपाणी. हिरवळ रंगवलेली. पाखरू आपणहून आले.